विश्लेषण : जाड अक्षरांत 'बीड'चं 'वीड' का होतं?

बीड : मांजरसुंब्याच्या रस्त्याला माझ्या मामांची रसवंती आहे. दर वर्षी शिवरात्रीच्या आसपास चरकाला घुंगरू बांधले जातात, पावसाळा आला की चरक ताडपत्रीखाली जातो. यंदा मामांनी नवा फ्लेक्स करायचं ठरवलं. मजकूर मीच व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवला आणि सोबत एवढीच सूचना केली : अक्षरं जाड करा, गाडीतून दिसली पाहिजेत. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला. 'थंडगार उसाचा रस' लांबूनही वाचता येत होतं. खालच्या पत्त्याच्या ओळीत मात्र 'ता. जि. वीड' असं दिसत होतं.

मामांनी फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ''इंजिनीअरबाई, हे वीड कुठं आलं?''

टायपिंगची चूक असेल असं मला वाटलं. फाइल मागवून पाहिली, तर त्यात 'ब'च होता. पोटातल्या तिरक्या रेघेसकट. छापताना ती रेघ गेली कुठे? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी जाड अक्षरांच्या दुनियेत शिरले. आपल्या जिल्ह्यात वाढदिवस, जत्रा, सप्ताह, मेळावा, दुकानाचं उद्घाटन यांतलं काहीही जाड अक्षरांशिवाय होत नाही. म्हणून हे सगळ्यांच्याच कामाचं आहे.

रेघ गेली कुठे?

फ्लेक्स करणाऱ्याने माझं ऐकलं होतं. त्याने साधा फॉन्ट घेतला आणि 'बोल्ड'चं बटण दाबलं. त्यानेही पुरेसं जाड दिसेना, म्हणून अक्षराला त्याच रंगाची जाड किनार दिली. गडबड इथेच झाली.

चांगल्या फॉन्टमध्ये जाड अक्षरांची वेगळी फाइल असते. डिझायनरने प्रत्येक अक्षर जाड स्वरूपात नव्याने काढलेलं असतं. अशी फाइल नसेल, तर सॉफ्टवेअर स्वतःच्या बुद्धीने अक्षर फुगवतं. त्याची बुद्धी एवढीच, की रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी जाडी चढवायची. बाहेर जागा असते, तिकडे अक्षर पसरतं. आत जागा नसते, तिथे पोकळी बुजते.

हिशेब सोपा आहे. 'ब'च्या पोटातल्या तिरक्या रेघेने त्या पोकळीचे दोन भाग होतात. समजा, हे दोन्ही भाग 6 मिलिमीटर रुंद आहेत. आता प्रत्येक कडेला 3 मिलिमीटर जाडी चढवली, तर इकडून 3 आणि तिकडून 3. पोकळी शून्य. उरतो तो रंगाचा गोळा आणि त्याला लागून एक उभी काठी. वाचणाऱ्याचा मेंदू त्या गोळ्याला सगळ्यात जवळचं अक्षर लावतो, 'व'.

फक्त 'ब'चंच असं होतं असं नाही. 'ष' आणि 'प' यांच्यातही तसाच एका रेघेचा फरक आहे. 'ध' आणि 'घ' यांच्यात तर फरक शिरोरेषेतल्या एका छोट्या खिंडीचा. ती बुजली की धारूरचं 'घारूर' होतं. 'थ' आणि 'य'चं तेच. आपल्याकडच्या चौकांमध्ये सगळ्यात जास्त धोका असलेली जोडी मात्र 'भ' आणि 'म'ची. शिरोरेषेतली फट आणि डोक्यावरची गाठ बुजली की 'भाऊ'चा 'माऊ' होतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हे झालं तर फ्लेक्सवाल्याचं काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

म्हणजे जाड अक्षर हे बारीक अक्षराला खाऊपिऊ घालून तयार होत नाही. ते मुळातच वेगळं अक्षर असतं. हे ज्यांनी नीट ओळखलं, अशा दोन फॉन्टची नावं आता मराठी डिझायनरांच्या तोंडी आहेत : 'मोदक' आणि 'बालू'.

'मोदक' : पोट सुटलेलं अक्षर

'मोदक' हा फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप' या डिझायनरांच्या गटाने तयार केला. त्यातली देवनागरी अक्षरं सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची. सोबतची रोमन अक्षरं नूपुर दाते यांनी काढली, त्यांना गिरीश दळवी आणि प्रज्ञा नाईक यांची साथ होती. दळवी हे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात शिकवतात. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत, आयआयटीत अक्षरंही शिकवतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

देवनागरीतल्या सगळ्यात जाड फॉन्टमध्ये 'मोदक'ची गणना होते. आधी हाताने काढलेली अक्षरं होती, त्यांवरून पुढे हा फॉन्ट घडला. नाव अगदी चपखल आहे, फक्त उकडीचा नाजूक कळ्यांचा मोदक डोळ्यांसमोर आणू नका. आपल्याकडे मराठवाड्यात तळणीचे, टम्म फुगलेले मोदक करतात, तो आणा.

या फॉन्टची गंमत म्हणजे त्यातली जागा. नेहमीच्या फॉन्टमध्ये रेषा मुख्य असते आणि पोकळी आपोआप तयार होते. 'मोदक'मध्ये उलटं आहे. रेषा इतक्या जाड आहेत, की अक्षराचा बहुतेक भाग रंगाने भरलेला. मध्ये उरतात त्या फक्त बारीक फटी. अक्षर कोणतं, हे त्या फटी सांगतात. जणू आधी कणकेचा गोळा घेतला आणि मग सुरीच्या टोकाने त्यावर अक्षराच्या खुणा केल्या. 'ब'च्या पोटातला फरक इथे नशिबावर सोडलेला नाही. तो फटीच्या रूपाने मुद्दाम राखलेला आहे. बटणाने फुगवलेल्या अक्षरात आणि यात हाच फरक.

यात कष्ट किती असतील याचा अंदाज करा. देवनागरी म्हटलं की स्वर-व्यंजनांची पन्नासेक अक्षरं, एवढ्यावर काम भागत नाही. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि शेकड्यांनी जोडाक्षरं. 'द्ध', 'ट्ट', 'क्ष', 'ज्ञ', 'श्री' यांतलं प्रत्येक वेगळं काढावं लागतं. 'द्ध' बारीक पेनने लिहितानाही आपली तारांबळ उडते. तेच इतक्या जाड रेषेत, दिलेल्या उंचीत बसवायचं आणि ते 'द्ध'च वाटलं पाहिजे. छापखान्यांच्या काळातही हीच अडचण होती. मुंबईत जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या सुबक टायपांचं नाव देशभर झालं, पण देवनागरीचा एक संच म्हणजे शेकडो खिळे. त्यामुळे गमतीदार, फुगीर अक्षरांचा संपूर्ण संच ओतून घेणं कुणाला परवडणार? पुस्तकांसाठी खिळे आणि मोठ्या अक्षरांसाठी माणसाचा हात, अशी वाटणी आपोआप झाली.

'बालू' आणि त्याचे भाऊ

'बालू' हाही 'एक टाइप'चाच. नाव ऐकून 'जंगल बुक'मधलं अस्वल आठवतं आणि अक्षरंही तशीच आहेत, जाड, गोलसर, टोकं नसलेली. 'मोदक'इतका तो फुगलेला नाही, त्यामुळे वापरायला सोपा. पहिला 'बालू' एकाच जाडीत होता. नंतर आलेल्या 'बालू 2'मध्ये साध्यापासून अतिजाडपर्यंत पाच जाड्या मिळतात.

एकाच स्वभावाची अक्षरं अनेक भारतीय लिप्यांत काढायची, असा हा प्रकल्प होता. त्यांची नावं मजेदार आहेत. गुजरातीचा 'बालू भाई', पंजाबीचा 'बालू पाजी', बंगालीचा 'बालू दा', ओडियाचा 'बालू भैना', कन्नडचा 'बालू तम्मा', तमिळचा 'बालू थंबी', तेलुगूचा 'बालू तम्मुडू', मल्याळमचा 'बालू चेट्टन' आणि उर्दूचा 'बालू भाईजान'. सगळ्या शब्दांचा अर्थ भाऊच. देवनागरीच्या वाट्याला शेपूट आलेलं नाही, तिथे नुसता 'बालू'. आपल्या हक्काचा 'दादा' बंगाली घेऊन गेले म्हणायचं.

नावांवरून आठवलं, 'श्रीखंड' नावाचाही एक जाड, तिरका, फार देखणा फॉन्ट आहे. जॉनी पिनहॉर्न यांनी केलेला. नाव वाचून मी लगेच डाउनलोड केला आणि मराठीत टाइप करून पाहिलं. त्यात गुजराती आणि रोमन अक्षरंच आहेत, देवनागरी नाही.

फ्लेक्सच्या आधी कोण होतं?

पेंटर होते. बीडच्या जुन्या बाजारात नीट पाहिलं तर काही पाट्यांवर अजून त्यांचा ब्रश दिसतो. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे आईवडिलांची, मुलांची, गावाची नावं असतात, तीही अशीच. फुगीर अक्षर, एका बाजूला गडद सावली, मध्ये पांढरी चकाकी. डिझाइनची पुस्तकं ज्याला 'डिस्प्ले' अक्षर म्हणतात, ते या ट्रॉल्यांवर कित्येक वर्षं कर्नाटकापर्यंत जाऊन येतंय.

पेंटरला 'बोल्ड'चं बटण नसतं. जाड अक्षर काढायचं तर आधी खडूने बाह्यरेषा आखायची, पोकळी राखायची, मग रंग भरायचा. 'ब'ची रेघ बुजतेय असं दिसलं की हात तिथेच थांबतो. ही समज हातात असते, ती संगणकात आपोआप उतरत नाही. दिल्लीत हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं फॉन्टच्या रूपात जपण्याचा 'हँडपेंटेड टाइप' हा प्रकल्प सुरू केला होता, तो याच काळजीपोटी. कुरेशी 2024 मध्ये गेले.

मराठीत या कामाचा एक मोठा वारसा नाटक-सिनेमांच्या जाहिरातींतही आहे. नाटकाचं नाव वाचतानाच नाटक गंभीर आहे की विनोदी ते कळावं, असं अक्षर कमल शेडगे काढत. मुलुंडच्या या अक्षरकाराचं 2020 मध्ये निधन झालं. प्रत्येक शीर्षकाला नवं अक्षर, फॉन्टचा प्रश्नच नाही. अच्युत पालव यांनी हे काम सुलेखनाच्या अंगाने पुढे नेलं, त्यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आणि कापडावर लिहिण्याची गोष्ट निघालीच आहे, तर आपला जिल्हा त्यात जुना आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातले अंबाजोगाईचे दासोपंत यांनी 'पंचीकरण' लिहिलं ते पासोडीवर, म्हणजे पांघरायच्या जाड कापडावर. रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांना लिहायला लागे, अशी आख्यायिका सांगतात. ती पासोडी प्रसिद्ध आहे, पण तिला फ्लेक्सची पूर्वज म्हणता येणार नाही. कारण ते जवळ बसून वाचायचं लेखन आहे. सलग मजकूर, ओळीमागून ओळ. फ्लेक्सवरचं अक्षर धावत्या गाडीतून दोन सेकंदांत वाचायचं असतं. कापडावर लिहिलं म्हणून काम एकच होत नाही आणि फॉन्ट निवडताना नेमका हाच फरक ध्यानात घ्यावा लागतो.

मग कुठे वापरायचा?

थोडे शब्द, मोठा आकार, हलका विषय. एवढं जुळलं तर 'मोदक' वापरा.

गणपती मंडळाचं नाव, मिठाईचं दुकान, अंगणवाडीची भिंत, शाळेचं स्नेहसंमेलन, बालनाट्य, जत्रेतला पाळणा, आइस्क्रीमची गाडी, रसवंती. इथे हे अक्षर घरच्यासारखं बसतं. यूट्यूब चालवणाऱ्यांसाठी तर ते फारच उपयोगाचं. थंबनेल 1280 बाय 720 पिक्सेलचं बनवतात, पण मोबाइलच्या यादीत ते काडेपेटीएवढं दिसतं. तिथे बारा शब्दांचं वाक्य टाकून काही होत नाही. दोन-तीन शब्द आणि जाड अक्षर. 'मोदक'च्या फटी त्या आकारात बुजत असतील तर 'बालू' घ्या, त्यात पोकळ्या जास्त मोकळ्या आहेत.

कुठे वापरू नये, ते जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे एकाच खांबावर वर वाढदिवस आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' असते. दोन्ही एकाच दुकानात, एकाच घाईत, बऱ्याचदा एकाच फॉन्टमध्ये तयार होतात. गेलेल्या माणसाचं नाव गुबगुबीत, हसऱ्या अक्षरांत पाहिलं की पोटात कसंतरी होतं. घरच्यांना काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण टोचतं. अक्षरालाही आवाज असतो. श्रद्धांजलीला साधा, शांत फॉन्ट घ्यावा. 'एक टाइप'चाच 'मुक्ता' चालेल.

दवाखान्यातल्या दिशादर्शक पाट्या, औषधांची नावं, फोन नंबर, पत्ता, कार्यक्रमाची सविस्तर पत्रिका यांनाही ही अक्षरं लावू नयेत. मामांच्या फ्लेक्सवर पत्त्याची ओळ जाड करायची गरजच नव्हती. मी सरसकट 'जाड करा' म्हणाले, ती माझी चूक.

दुकानांच्या पाट्यांबद्दल आणखी एक. महाराष्ट्रात 2022 मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी लावावी लागते आणि मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान ठेवता येत नाही. मुंबईतल्या दुकानदारांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांत पाट्या लावायला सांगितलं. बीडमध्ये पाट्या पहिल्यापासून मराठीतच असतात, आपल्याला त्याचं नवल नाही. पण सोबत इंग्रजी नाव असेल तर बहुतेक वेळा इंग्रजी अक्षर डौलदार आणि मराठी कसंबसं बसवलेलं असतं. 'मोदक' आणि 'बालू'मध्ये दोन्ही लिप्या एकाच गटाच्या आहेत, जाडीही एकमेकींशी जुळते. अशा पाटीवर मराठी सावत्र वाटत नाही.

किती मोठं अक्षर?

पाट्यांच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब चालतो. दर 10 फुटांच्या अंतराला अक्षराची उंची निदान 1 इंच. रस्त्याच्या पलीकडून, 50 फुटांवरून वाचायचं असेल तर 5 इंच. हा हिशेब रोमन अक्षरांवरून आलेला आहे. आपण तो शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतच्या उंचीला लावायचा. वरची वेलांटी आणि खालचा उकार त्यात धरायचा नाही. म्हणून मराठी ओळीला इंग्रजी ओळीपेक्षा जास्त उंची लागते. फ्लेक्सवर माणसांचे फोटो वाढले की सगळ्यात आधी ओळींमधली जागा कापली जाते. मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. जाड अक्षरांत हे आणखी लवकर होतं.

लांब नाव एका ओळीत बसत नाही म्हणून अक्षरं दोन्ही बाजूंनी दाबण्याचीही सवय आहे. त्याने उभ्या रेषा बारीक होतात, आडव्या तशाच जाड राहतात आणि अक्षर दारात अडकल्यासारखं दिसतं. त्याऐवजी आकार कमी करा किंवा दोन ओळी करा.

मोबाइलवर कसा घ्यायचा?

हे दोन्ही फॉन्ट गूगल फॉन्ट्सच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. तिथे इंग्रजीत त्यांचं नाव टाइप करून शोधायचं. ते खुल्या परवान्याखाली आहेत. म्हणजे फ्लेक्स, पाटी, रील, पुस्तकाचं मुखपृष्ठ, मिठाईचा डबा, कशावरही धंद्यासाठी वापरता येतात. कुणाला पैसे द्यायचे नाहीत, परवानगी मागायची नाही. फक्त फॉन्टची फाइल तेवढीच वेगळी विकायची नाही. फाइल उतरवली की मोबाइलवर पिक्सेललॅबसारख्या ॲपमध्ये ती टाकता येते.

अडचण येते ती फ्लेक्सच्या दुकानात. आपल्याकडे बरीच दुकानं अजून जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर चालतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्रीलिपी'ने मराठी डीटीपी उभं केलं, हे मान्य केलंच पाहिजे. त्या काळी युनिकोड नव्हतं. तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट बदलला की मजकुराचं इंग्रजी कडबोळं व्हायचं. मोबाइलवर आपण लिहितो ते मात्र युनिकोड. त्यामुळे व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर दुकानात पुन्हा हाताने टाइप होतो आणि नावांच्या चुका होतात त्या तिथे. लग्नाच्या पत्रिकेत काकांचं नाव चुकलं की पुढे काय होतं, हे प्रत्येक घराला माहीत आहे. 'मोदक', 'बालू' युनिकोडचे आहेत. मजकूर तसाच चिकटवता येतो, पुन्हा टाइप करावा लागत नाही.

पण सॉफ्टवेअर जुनं असेल तर जोडाक्षरं तुटतात आणि वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. फोटोशॉपमध्ये असं होत असेल तर सेटिंगमधल्या टाइप विभागात जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडायचा, बहुतेकदा काम होतं. कोरलड्रॉ जुना असेल तर नव्या संगणकावर मजकूर लावून, त्याचे आकार करून फाइल द्यावी.

जाड अक्षरांना किनार देताना आणखी एक घोळ होतो. प्रत्येक अक्षर हा वेगळा तुकडा असतो आणि शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. किनार दिली की ते सांधे उघडे पडतात, शिरोरेषेवर उभे चिरे दिसतात. उपाय असा : आधी अक्षरांचे आकार करायचे, मग 'वेल्ड' करून एकसंध करायचे, मग किनार द्यायची. किनार भरलेल्या रंगाच्या मागे ठेवायची, म्हणजे ती अक्षराचा भरलेला भाग खात नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोहही टाळा. इंग्रजीत ते छान दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात.

कुठलाही नवा फॉन्ट घेतला की मी आता एक ओळ टाइप करून पाहते : बीड, वीड, धारूर, घागर, भाऊ, माऊ, षष्ठी, दऱ्या, ॲड., श्रद्धा, ज्ञान, बाळ. 'दऱ्या'मधला अर्धा र आपल्या मराठीचा खास आहे. बाहेरच्यांनी केलेल्या फॉन्टमध्ये तो कधी कधी नसतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 मध्ये आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये तिथे रिकामा चौकोन दिसतो. ज्या जिल्ह्यात निम्म्या फ्लेक्सवर कुणीतरी 'ॲड.' असतोच, तिथे ही तपासणी आधी केलेली बरी. ओळ लहान करून, हात लांब करून, डोळे थोडे किलकिले करून वाचायची. कोणती जोडी सारखी दिसते ते लगेच कळतं.

मामांचा फ्लेक्स आम्ही परत केला. 'उसाचा रस' 'मोदक'मध्ये घेतलं, हिरव्यावर पिवळं. पत्ता 'मुक्ता'मध्ये, किनार नाही, सावली नाही. डिझाइन माझ्या लॅपटॉपवर केलं आणि आकार करून फाइल दिली. छापायला पहिल्यापेक्षा एक रुपयाही जास्त लागला नाही. मामांनी रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहिलं, डांबरीवरून एक एसटी गेली तोवर थांबले, परत येऊन चरकाजवळ बसले. बीड बरोबर आहे म्हणाले. मग विचारलं, रसाचा भाव एवढा बारीक का लिहिलाय?